भर

मी स्वैपाकी माणूस.
बटाटा मला भेटतो तो सोलायच्या वेळी,
मग पाण्यात बुडालेला, मग फोडी.
तेवढीच आमची ओळख.

अब्दलीच्या मळ्यावर हे तिसरं वर्ष.
भटारखान्याच्या खिडकीतून
रात्री इराकच्या अंगाचे दिवे दिसतात,
अलीकडे वाळूत ओढलेल्या सऱ्या.
त्यांत काय चाललंय,
कधी वाकून बघितलं नव्हतं.

जानेवारीतल्या त्या संध्याकाळी वारा एकदम पडला.
आभाळ घासलेल्या परातीसारखं, डाग नाही.
मुकादम रमादान फोन कानाला लावूनच ओरडला,
भांडी राहू दे अब्बास, फावडं घे!
पहाटे 'सकीअ' येणार होतं.
टेकबहादुर म्हणाला, 'तुसारो', आणि हात चोळले.
मी माझा शब्द शोधत राहिलो.
बाणकोटला दव पडतं, खाडीवर धुकं बसतं,
पण पाण्याने पातं होऊन पानात शिरावं,
याला आमच्या घरात शब्दच नाही.

टेक पुढे, मी मागे.
सरीतली माती वरंब्यावर ओढायची,
दोन्ही अंगांनी,
गळ्यापर्यंत. शेंडा तेवढा मोकळा.
मी बिर्याणीला थर लावावा तशी थापटत होतो.
तो हसला,
अरे, दम नाही द्यायचा, श्वास घेऊ दे.

एका जागी माती पाण्याने वाहून गेलेली,
सुपारीएवढा बटाटा उघडा,
त्याच्या गालावर हिरवं.
मी ओळखलं.
वीस वर्षं सुरीच्या टोकाने हेच कोरून
बादलीत टाकत आलोय,
कडू असतं, पोटात गेलं तर बाधतं, म्हणून.
एवढंच कारण होतं तर.
कुणीतरी, कुठल्यातरी मळ्यात,
ओंजळभर माती द्यायला विसरला होता.

मी दोन ओंजळी दिल्या.

मग रमादानने पाणी सोडलं,
ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते म्हणाला.
मग पांढरं कापड. ते बाराव्या ओळीला संपलं.
मग कांद्याची पोती, खतांची पोती,
टेकची जुनी चादर, माझं एक जाकीट.
मग मला सुफ्र्याची गुंडाळी आठवली,
जेवताना जमिनीवर अंथरतो ते पातळ प्लॅस्टिक,
निळ्या किटल्या छापलेलं.
महिन्याचा साठा होता.
मध्यरात्री आम्ही ते उलगडत गेलो,
कडेला दगड ठेवत,
जणू पाचशे माणसं जेवायला बसणार होती
अंधारात, न बोलता.

सतराव्या ओळीला तेही संपलं.
पलीकडे तीन ओळी उरल्या.
त्यांना फक्त माती होती.

पहाटे बोटं माझी राहिली नव्हती.
किटल्यांवर पांढरी साय धरली होती,
उचलली की कुरकुरायची.
आत पानं हिरवी, ओलसर, जरा गोंधळलेली.
त्या तीन ओळींची पानं
ऊन चढलं तशी काळी पडली,
गाळणीत उरलेल्या चहाच्या चोथ्यासारखी.
मी फार वेळ तिथे उभा राहिलो.
टेक उकिडवा बसला, बोटाने माती उकरली,
खाली देठ पांढराफेक, ताठ.
येईल?
त्याने माती परत सारखी केली आणि म्हणाला,
चहा टाक आधी.

भटारखान्यात इजिप्तच्या बटाट्यांचं पोतं उघडलं.
तिसऱ्याच बटाट्याला हिरवा डाग.
सुरी जरा थांबली.
मग कोरला. वीस माणसं भुकेली होती.

ताटं उघड्या फरशीवर मांडली.
रमादान बसता बसता खाली बघून म्हणाला,
सुफ्रा कुठंय?
कुणीच उत्तर दिलं नाही.
त्यानेच खिडकीतून बाहेर पाहिलं,
उन्हात फडफडणाऱ्या निळ्या किटल्या,
आणि रोटी मोडली.